ऑक्युपेशनल थेरपीचं पदव्युत्तर शिक्षण: प्रवेशापासून नोंदणीपर्यंत

ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे आजार, इजा किंवा अडचण असलेल्या माणसाला रोजची कामं करता यावीत यासाठीच्या उपचारांत, मास्टर्स करायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, स्पेशलायझेशन कोणतं घेऊ? हँड, न्यूरो, पेडियाट्रिक की मानसिक आरोग्य? माझ्या मते या प्रश्नाला अजून वेळ आहे. आधी दोन गोष्टी ठरवा: तुम्ही या क्षेत्रात कोणत्या वाटेने येताय, आणि शिकून झाल्यावर कोणत्या देशात काम करायचं आहे. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आधी वाट नक्की करा

मास्टर्सचे कोर्स ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पदवी दुसऱ्याच विषयातली चालते. मानसशास्त्र, जीवशास्त्र, क्रीडाविज्ञान असं काही शिकलेली व्यक्ती या कोर्समधूनच थेरपिस्ट होते. अमेरिकेत थेरपिस्ट म्हणून व्यवसायात शिरायचा रस्ता मास्टर्स किंवा डॉक्टरेट असाच आहे. ब्रिटनमध्ये पदवीच्या जोडीला दोन वर्षांचा असा मास्टर्सही चालतो. दुसरा प्रकार आधीपासून थेरपिस्ट असलेल्यांसाठी आहे. त्यातून नवा परवाना मिळत नाही. एखाद्या शाखेतलं सखोल ज्ञान, संशोधनाची शिस्त आणि शिकवण्याची पात्रता मिळते.

माहितीपत्रकात दोन्हींची नावं जवळजवळ सारखीच दिसतात आणि तिथेच घोळ होतो. म्हणून प्रवेश कार्यालयाला सरळ विचारा: हा कोर्स पूर्ण केल्यावर मी थेरपिस्ट म्हणून नोंदणीला पात्र ठरतो, की आधीची नोंदणी ही प्रवेशाची अट आहे? उत्तर लेखी घ्या.

मग मान्यता बघा. वर्ल्ड फेडरेशन ऑफ ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स ही जागतिक संघटना १९५२ सालची. थेरपिस्ट घडवणाऱ्या कोर्ससाठी तिचे किमान निकष आहेत आणि त्यातला सगळ्यांना माहीत असलेला आकडा म्हणजे देखरेखीखालच्या क्लिनिकल कामाचे किमान १,००० तास. हे तास एकाच वॉर्डात काढून भागत नाही. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या अडचणींची, वेगवेगळ्या ठिकाणची माणसं त्यात यावी लागतात. काही देशांची मागणी आणखी असते. अमेरिकेत कोर्सना मान्यता देणाऱ्या एसीओटीई या संस्थेच्या निकषांप्रमाणे थेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला लेव्हल टू फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, किमान २४ आठवडे पूर्णवेळ करावं लागतं. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला त्यावर १४ आठवड्यांचा कॅपस्टोन, म्हणजे निवडलेल्या विषयात खोलात जाणारा समारोपाचा अनुभव, असतो. नंतर एनबीसीओटी या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेची परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे पदनामच लावता येत नाही. शिकायचं एका देशात आणि नोकरी दुसऱ्या देशात असा बेत असेल, तर त्या दुसऱ्या देशाची अट आज वाचा, पदवी हातात पडल्यावर नाही.

कॉलेज निवडताना इमारत आणि लायब्ररी बघायला सगळेच जातात. तुम्ही पोस्टिंगबद्दल, म्हणजे विद्यार्थी म्हणून करायच्या क्लिनिकल कामाबद्दल, विचारा. पोस्टिंगच्या जागा कॉलेज मिळवून देतं की विद्यार्थ्यानेच शोधायच्या? एका सुपरवायझरच्या हाताखाली किती विद्यार्थी असतात? रुग्णालयाबाहेरचं काम, म्हणजे शाळा, घरभेटी, सामाजिक पुनर्वसन, कितपत मिळतं? शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या दोघातिघांशी बोला. पोस्टिंगमध्ये प्रत्यक्ष काय करायला मिळतं, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

पहिल्या सहा महिन्यांत काय पक्कं करायचं

अॅनाटमी पुन्हा उघडा, पण सगळी नको. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं), हाताचे तीन मुख्य मज्जातंतू, खांद्याच्या सांध्याची रचना, पाठीच्या कण्याच्या कोणत्या पातळीवरून कोणते स्नायू चालतात, आणि मेंदूच्या कोणत्या भागाला कोणती रक्तवाहिनी रक्त पुरवते. पोस्टिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात भंबेरी उडते ती इथे.

त्याच्या जोडीला आयसीएफ. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेलं हे वर्गीकरण माणसाकडे आजारापलीकडे बघायला लावतं: शरीराची कार्यं आणि रचना, माणूस करतो त्या कृती, जीवनातला त्याचा सहभाग, आणि या सगळ्याला हातभार लावणारे किंवा आडवे येणारे परिसरातले आणि व्यक्तीचे स्वतःचे घटक. टीममधले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट सगळ्यांना ही भाषा कळते, हा तिचा मोठा फायदा.

मग येतात मॉडेल्स. गॅरी किलहॉफनर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेलं मॉडेल ऑफ ह्यूमन ऑक्युपेशन, कॅनडातून १९९६ मध्ये आलेलं व्यक्ती, परिसर आणि कृती यांचं मॉडेल, अशी बरीच आहेत. परीक्षेसाठी सगळ्यांच्या आकृत्या तोंडपाठ होतात आणि रुग्णासमोर एकही आठवत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. माझा सल्ला असा की एक मॉडेल घ्या आणि ते प्रश्नांच्या रूपात उतरवून काढा. किलहॉफनरांचं मॉडेल घेतलंत तर: या माणसाला कशाची ओढ आहे आणि स्वतःच्या क्षमतेवर त्याचा किती विश्वास आहे? त्याचा दिवस कोणत्या सवयींनी आणि भूमिकांनी बांधलेला होता? शरीर आणि मन आज काय करू शकतं? परिसर काय मागतो आणि काय देतो? या चार प्रश्नांवर अर्धा तास नीट गप्पा मारता आल्या, की मॉडेल तुमचं झालं. बाकीची त्यानंतर पटापट कळतात.

बघायला शिका

या शिक्षणाचा गाभा मला विचाराल तर अॅक्टिव्हिटी अॅनालिसिस, म्हणजे एखादी कृती टप्प्याटप्प्याने उलगडून बघणं. हे पदवीच्या पहिल्या वर्षातलं प्रकरण समजून अनेकजण सोडून देतात. मास्टर्सला ते पुन्हा आणि खोलात शिकावं लागतं, कारण तंत्रं कितीही आली तरी नेमकं कुठे अडतंय हे दिसलं नाही तर ती लावणार कुठे?

एक उदाहरण सावकाश बघू. मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झालेले साठीचे गृहस्थ. डावी बाजू कमजोर. पलंगाच्या कडेला बसून शर्ट घालताहेत. फाईलमध्ये आधीच्या विद्यार्थ्याने लिहिलंय, 'कपडे घालण्यास मध्यम मदत लागते.' वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून उपचार ठरत नाही.

आता तुम्ही बघा. ते शर्ट उचलतात उजव्या हाताने. आधी उजवाच हात बाहीत घालतात. शर्ट पाठीमागे ओढताना धड डावीकडे कलतं, ते थांबतात, पलंगाची कड धरतात. डावी बाही तशीच लोंबत राहते. मग गुंड्यांकडे वळतात. वरच्या दोन गुंड्या लागतात, तिसरी चुकीच्या काजात. मान खाली आहे, पण नजर शर्टाच्या उजव्या पट्टीवरच फिरतेय. 'झालं,' म्हणतात आणि तुमच्याकडे बघतात.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलं ते लिहा: कोणता हात आधी, धड कधी कललं, नजर कुठे होती, किती वेळ लागला, किती वेळा आणि कशी आठवण करून द्यावी लागली, चूक स्वतःच्या लक्षात आली का. 'नीट करत नाहीत' किंवा 'सहकार्य नाही' हे त्या बाजूला येता कामा नये. ते तुमचं मत आहे, निरीक्षण नाही. उजवीकडे प्रत्येक निरीक्षणासमोर शक्य असलेली कारणं लिहा, एकापेक्षा जास्त. डावी बाही राहिली ती का? हातात ताकद नाही म्हणून? स्पर्श कळत नाही म्हणून? डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही म्हणून? की बसल्या जागी तोल जाण्याच्या भीतीने उजवा हात पलंगावरून सोडवत नाही म्हणून?

आता कारणं एकेक करून तपासायची. पाठीला आणि डाव्या बाजूला आधार देऊन पुन्हा शर्ट द्या. कृती लगेच सुधारली तर तोलाचा वाटा मोठा. शर्टाच्या डाव्या बाहीला भडक रंगाची पट्टी लावा आणि नजर तिथवर न्यायला सांगा. त्याने फरक पडला तर लक्ष न जाण्याकडे बोट दाखवता येतं, आणि मग कागदावरच्या ताऱ्यांवर खुणा करण्याची किंवा रेषेचा मध्य काढण्याची चाचणी घेऊन ते पक्कं करता येतं. डोळे मिटून डाव्या हातात नाणं, किल्ली ठेवा. ओळखता येत नसेल तर संवेदनेकडे वळा. हे झाल्यावर शर्ट आधी कमजोर हातात घालायचा हे तंत्र शिकवा. तंत्र तेच, पण आता ते का चालेल, आणि नाही चाललं तर दोष कुठे शोधायचा, हे तुम्हाला ठाऊक असतं.

हाच सराव रोजच्या कोणत्याही कृतीवर करता येतो. दात घासणं, कुलूप उघडणं, जिना उतरणं. स्वतः करताना बघा, मग दुसऱ्याला करताना बघा. पोस्टिंग सुरू होण्याआधी रोज एक कृती अशी कागदावर उतरवायची सवय लावलीत, तर पहिल्या रुग्णापाशी तुम्ही गोंधळणार नाही.

पोस्टिंगवर

पहिल्या दिवशी लवकर जा आणि आधी व्यवस्था समजून घ्या. आणीबाणीत कोणाला बोलवायचं, संसर्ग टाळण्याचे नियम काय, नोंदी कुठे आणि कोणत्या नमुन्यात, रुग्णाला हात लावण्याआधी कोणाची परवानगी लागते. फाईल वाचताना निदानाबरोबर डॉक्टरांनी घातलेली बंधनं शोधा. हिप रिप्लेसमेंट मागच्या बाजूने केली असेल तर मांडी ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नये, पाय एकमेकांवरून टाकू नयेत, पाय आतल्या बाजूला वळवू नये, अशी खबरदारी बरेच सर्जन सांगतात. नेमकं काय आणि किती आठवडे, हे त्या रुग्णाच्या सर्जनकडूनच घ्यायचं.

सुरक्षिततेचे काही नियम इतके अंगवळणी पडले पाहिजेत की विचारच करावा लागू नये. ट्रान्सफरआधी, म्हणजे रुग्णाला एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवण्याआधी, व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या, आणि शक्यतो हालचाल चांगल्या बाजूकडे. स्ट्रोकच्या रुग्णाला कमजोर हात ओढून किंवा काखेत हात घालून कधीही उठवू नका. तो खांदा बरेचदा आधीच सैल असतो आणि एका झटक्याने कित्येक महिन्यांचं दुखणं मागे लागतं. बरेच दिवस झोपून असलेल्या माणसाला बसवलं की रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आधी बसवा, थांबा, चक्कर येते का विचारा, मग उभं करा. पाठीच्या कण्याची इजा सहाव्या थोरॅसिक (छातीच्या भागातल्या) पातळीवर किंवा तिच्या वर असेल आणि रुग्णाला अचानक डोकं ठणकणं, घाम, चेहरा लाल होणं सुरू झालं, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची, म्हणजे रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढण्याची, शंका घ्या: ताठ बसवा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा आणि त्याच क्षणी मदत बोलवा. हे थेरपिस्टच्या डोळ्यांदेखत होऊ शकतं, आणि वेळ फार थोडा असतो.

स्प्लिंटिंग, म्हणजे हात ठराविक स्थितीत धरून ठेवणारा साचा बनवणं, करत असाल तर कमी तापमानाला मऊ होणारं थर्मोप्लास्टिक साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतं. बाहेर काढून पुसा आणि रुग्णाच्या त्वचेला लावण्याआधी स्वतःच्या हातावर तापमान बघा. संवेदना नसलेल्या हाताला चटका कळत नाही. सुजलेला किंवा भाजलेला हात सुरक्षित स्थितीत ठेवायचा असेल तर मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकलेले आणि पुढचे सांधे सरळ, ही सर्वसाधारण ठेवण आहे. घाई असली तरी स्प्लिंट देऊन रुग्णाला लगेच घरी पाठवू नका. अर्धा तास बसवा, काढून त्वचा बघा. लाली थोड्या वेळात मावळली नाही तर तिथे दाब पडतोय. ती जागा सुधारल्याशिवाय स्प्लिंट जाऊ द्यायचा नाही.

मोजमापाची साधनं थोडी घ्या आणि नीट शिका. रोजची स्वतःची कामं किती जमतात हे मोजणारा बार्थेल इंडेक्स १९६५ पासून वापरात आहे, दहा बाबी, शंभर गुण, पटकन होतो. पण शंभर गुण मिळालेला माणूस घराबाहेर एकटा पडू शकेल असं त्यातून सिद्ध होत नाही. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर, म्हणजे सीओपीएम, अगदी वेगळ्या दिशेने जातं: रुग्णच स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या अडचणी सांगतो, त्यातल्या जास्तीत जास्त पाच निवडतो, आणि जमतं किती व समाधान किती याला १ ते १० गुण देतो. दोन गुणांचा फरक हा अर्थपूर्ण बदल मानायची रीत आहे. नव्या विद्यार्थ्याने आधी सीओपीएम शिकावं असं मला वाटतं, कारण ते तुम्हाला रुग्णाचं ऐकायला भाग पाडतं. एएमपीएससारखी (रोजच्या कृतींतली कौशल्यं बघून गुण देणारी चाचणी) काही साधनं मात्र रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षक म्हणून पडताळणी झाल्याशिवाय वापरता येत नाहीत. पुस्तकातून फॉर्म उतरवून घ्यायचा मोह टाळा.

ध्येय लिहिताना 'हाताची ताकद वाढवणे' हे ध्येय नव्हे. 'तीन आठवड्यांत, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसून, एकदाच तोंडी आठवण करून दिल्यावर, समोरून उघडणारा शर्ट दहा मिनिटांत घालतील' हे ध्येय. कोण, काय, कुठे, किती मदतीने, कधीपर्यंत हे सगळं त्यात आलं, आणि मुख्य म्हणजे हे रुग्णाला हवंय याची खात्री तुम्ही करून घेतलेली असली पाहिजे. नोंदी बहुतेक ठिकाणी सोप नमुन्यात असतात: रुग्ण काय म्हणाला, तुम्ही काय पाहिलं आणि मोजलं, त्याचा अर्थ काय लावला, पुढे काय करणार. विद्यार्थ्यांच्या नोंदीत तिसरा भाग सगळ्यात कच्चा असतो. निरीक्षणाची दोन ओळींत पुनरुक्ती होते आणि अर्थ राहूनच जातो. सुपरवायझर आधी तोच भाग वाचतात, हे लक्षात ठेवा.

मानसिक आरोग्य आणि पेडियाट्रिक पोस्टिंगमध्ये शिस्त हीच, फक्त वेग बदलतो. मानसोपचार विभागात रुग्णासोबत नुसतं बसून राहणं हेही काम असतं आणि गटातली प्रत्येकाची हालचाल टिपणं हे कौशल्य. मुलांच्या बाबतीत खेळ हीच कृती. तिथे पालकांना काय दिसतं आणि शाळेत काय होतं हे विचारल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.

सुपरवायझरकडून शिकून घ्यायचं कसं

चांगला सुपरवायझर मिळणं हा काही अंशी नशिबाचा भाग. पण मिळालेल्याकडून किती घ्यायचं हे बरंचसं तुमच्या प्रश्नांवर ठरतं. 'माझं काही चुकतंय का?' असं विचारलंत तर 'ठीक चाललंय' एवढंच उत्तर येईल. 'आत्ता उठवताना त्यांचं धड मागे गेलं, माझा हात कुठे असायला हवा होता?' असं विचारा, उत्तर हाताला धरून मिळेल.

रुग्णाकडे जाण्याआधी दोन मिनिटांत सुपरवायझरला बेत सांगा आणि प्रत्येक पायरीपुढे 'कारण' जोडा. हे करणार आहे, कारण असं दिसलं. नाही जमलं तर ते करेन, कारण तसं असू शकेल. क्लिनिकल रीझनिंग म्हणतात ते हेच, आणि ते मोठ्याने बोलल्याशिवाय घडत नाही. मनातल्या मनात सगळ्यांनाच आपलं तर्कशास्त्र पटतं. अनुभवी थेरपिस्ट हेच इतक्या वेगाने करतात की बघणाऱ्याला ते नुसती सहजता वाटते. त्यांना सत्रानंतर विचारा, 'मध्येच तुम्ही व्यायाम थांबवून गप्पा का मारायला लागलात?' बरेचदा त्या गप्पांमध्येच उपचार असतो: रुग्ण थकलाय, घाबरलाय, किंवा घरी परतल्यावर कोण असेल या काळजीत आहे, हे त्यांनी हेरलेलं असतं.

टीका झाली की त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच मुद्द्यावर स्वतः विषय काढा. एखाद्या गोष्टीचं प्रशिक्षण नसेल तर 'मला हे अजून येत नाही, आधी दाखवा' म्हणायला संकोच करू नका. वेळ मारून नेण्याची किंमत रुग्ण मोजतो. आणि वागणूक खरोखर अपमानास्पद असेल, किंवा देखरेखीशिवाय तुमच्या गळ्यात रुग्ण टाकले जात असतील, तर कॉलेजच्या फील्डवर्क समन्वयकाला लवकर आणि लेखी कळवा. शेवटच्या आठवड्यात सांगून त्यांना काहीच करता येत नाही.

प्रबंध

विषय पोस्टिंगमधून उचला. वॉर्डात वारंवार खटकणारी गोष्ट हा उत्तम संशोधनप्रश्न असतो. प्रश्न छोटा ठेवा. एवढे रुग्ण तुमच्या मुदतीत तुमच्या जागी खरंच येतात का, हे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिण्याआधी ओपीडीचं रजिस्टर चाळून बघा, कारण बहुतेक प्रबंधांचं घोडं इथेच अडतं. नैतिक समितीची मंजुरी हाती आल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नका, आणि संमतीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहा. संख्याशास्त्राच्या जाणकाराला माहिती जमवण्याच्या आधी भेटा. रुग्ण कमी असतील तर एकाच व्यक्तीचं उपचाराआधी आणि उपचारादरम्यान वारंवार मोजमाप करणारी रचना आपल्या क्षेत्राला चांगली शोभते.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो चुकला तर वर्ष वाया जातं. पहिल्या पोस्टिंगपासून लॉगबुक ठेवा: तारीख, जागा, विभाग, तास, रुग्णांचा वयोगट आणि अडचणीचा प्रकार, सुपरवायझरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही. रुग्णांची नावं त्यात नकोत. सही त्याच आठवड्यात घ्या. सुपरवायझर बदलून गेले की नंतर त्यांना गाठणं अवघड. दुसऱ्या देशात नोंदणीसाठी अर्ज केलात की तुम्ही शिकत होतात त्या वर्षांचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार तास आणि फील्डवर्कचे तास कॉलेजच्या शिक्क्यासह मागितले जाऊ शकतात. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, म्हणून तुमच्या वेळची प्रत पदवी घेऊन बाहेर पडतानाच शिक्का मारून घ्या. दोन संच करा, स्कॅन करून ठेवा. नोंदणी मिळाल्यावर नूतनीकरणाच्या अटी वाचा; अनेक देशांत सततच्या व्यावसायिक शिक्षणाचा पुरावा लागतो, आणि तो जमवायला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून सुरुवात केलेली बरी.